वीस हजारांचं घर, पावणेबारा हजारांचं निघालं

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात जिन्याखाली खिळ्याला एक तार लटकते. खाली लाकडाची चकती, वर वाकवून केलेला आकडा. बाबा घराची प्रत्येक पावती तिच्यात ओवायचे. नळाच्या वॉशरची बारा रुपयांची चिठ्ठी असो की रंगाच्या दुकानाचं नऊ हजारांचं बिल, तारेला सगळं सारखंच. सगळ्यात जुनी पावती तळाला, सगळ्यात नवी वर. लहानपणी मला वाटायचं, ही तार भरली की बाबा दुसरी आणतील. ती कधी भरली नाही, कारण मधेच केव्हातरी ते खालच्या पावत्या काढून दोऱ्यानं बांधून डब्यात टाकायचे.

बाबा जानेवारी २०२४ मध्ये गेले. उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरी करून त्यांनी १९९८ साली हे घर बांधलं, तेही आईच्या नावावर. त्यामुळे वारसा नोंदीच्या फेऱ्यांतून आम्ही सुटलो. खाली पुढच्या भागात आई राहते. मागं एक खोली आणि स्वयंपाकघर, तिथं मागावर काम करणारं एक कुटुंब. वर दोन घरं. मागची खोली साडेचार हजार, वरचं पुढचं घर आठ, वरचं मागचं साडेसात. महिन्याला वीस हजार, वर्षाला दोन लाख चाळीस हजार.

तेराव्यानंतर दादानं आणि मी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर हा हिशेब मांडला. वीस हजार भाडं, शिवाय बाबांच्या पेन्शनमधून आईला मिळणारा लहानसा वाटा. आईचं औषधपाणी, गॅस, दूध, देवदेव, सगळं त्यात आरामात बसतंय असं ठरवून दादा पुण्याला परत गेला. मी एकोणीस वर्षं एका पतसंस्थेत काउंटरला बसते. लोकांच्या कर्जाची परतफेड बसते की नाही हे मी रोज तपासते, आणि स्वतःच्या आईच्या घराचा हिशेब मात्र फक्त जमेच्या बाजूनं केला. पुढचं वर्षभर मी त्याची भरपाई केली. कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून ते सगळं क्रमानं लिहितेय.

एप्रिल तसाच गेला. घरपट्टी बाबा भरायचे, कधी भरायचे ते मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडं आर्थिक वर्षाच्या पहिल्या महिन्यात, म्हणजे एप्रिलमध्ये, भरली तर ५ टक्के सूट मिळते. मे-जूनमध्ये जेवढ्यास तेवढी, आणि जुलैपासून महिन्याला २ टक्के दंड. सुटीला कधी मुदतवाढ मिळते, कधी नाही. तिच्या भरवशावर बसू नये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वरच्या पुढच्या घरातल्या वहिनी खाली आल्या. सहा वर्षं राहिलेलं कुटुंब. मुलाला धारवाडला प्रवेश मिळालेला, तिकडंच बदली घेतली होती. "महिनाअखेरीस सोडतो, काकू," असं आईला सांगितलं, थोड्या रडल्या, आणि उठता उठता म्हणाल्या, "डिपॉझिटचं तेवढं बघा."

डिपॉझिट चाळीस हजार होतं. मी आईकडं बघितलं, आईनं देव्हाऱ्याकडं.

बाबांनी तिन्ही घरांचं मिळून नव्वद हजार डिपॉझिट घेतलेलं होतं. करारपत्रात आकडे स्पष्ट लिहिलेले. पैसे मात्र कुठंच नव्हते. बहुधा २०१८ साली नळाची लाइन बदलली तेव्हा त्यात गेले असावेत, कारण त्या वर्षीच्या पावत्यांचा गठ्ठा सगळ्यात जाड आहे. आमच्याकडं रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्यायची पद्धत आहे. करारात तसा शब्द नव्हता, आणि करारही अकरा महिन्यांचा, एकदाच केलेला, नंतर कधी नवा केलेला नव्हता. आई म्हणाली, सहा वर्षांत एकदा भाडं चुकलं नाही त्यांचं, कापू नको. मी माझी आरडी, म्हणजे दर महिन्याला भरायची ठेव, मोडली आणि तीस जूनला पूर्ण चाळीस हजार हातात दिले. मोडलेल्या आरडीवरचं व्याज किती गेलं ते इथं लिहीत नाही. आमच्याच संस्थेत मोडली, सहकाऱ्यांसमोर.

घर रिकामं झालं आणि आषाढ लागला. बेळगावात आषाढात नव्या घरात पाऊल ठेवणारा भाडेकरू मिळणं कठीण. चौकशीला येतात, घर आवडतं, आणि म्हणतात, "श्रावणात येतो की ओ ताई." मी हा महिना हिशेबात धरलाच नव्हता. आता कुणी घर सोडतो म्हणालं तर मी आधी पंचांग बघते. जूनअखेरीस सुटलेलं घर ऑगस्टच्या मध्यापर्यंत रिकामं, पंधरवडा पितृपक्षाचाही तसाच. मेअखेरीस सुटलं तर निदान आषाढाआधी कुणी येण्याची आशा असते.

त्याच जुलैत पाऊस कोसळला. २०२४ चा जुलै ज्यांनी इकडं काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, खानापूरकडचे रस्ते बंद, शाळांना सुट्ट्या. रिकाम्या घरात मी खिडक्या उघडायला गेले तर पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात भिंत डोक्यापासून कमरेपर्यंत काळी झालेली. छताला पोपडे. हात लावला तर चुना बोटाला आला, ओल्या पिठासारखा.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, बाबांच्या वेळचाच. वर गच्चीवर गेला, पाऊस जरा थांबलेला. त्यानं खिशातून लहान हातोडी काढली आणि कोबा ठोकत ठोकत चालायला लागला. टण्, टण्, टण्, आणि कठड्याजवळ आल्यावर बद्द. पुन्हा एकदा ठोकलं, बद्द. "इथं पोकळ झालंय. कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात वाटा फुटल्यात, आणि ढाळपण उलटा. पाणी पन्हळीकडं जायचं सोडून कोपऱ्यात थांबूलंय." वाटा म्हणजे सांध्यात मारलेली सिमेंटची गोलाई. मग खडूनं त्यानं पोकळ जागेभोवती गोल काढले, सतरा-अठरा. पावसाची सर आली आणि सगळे गोल पुसून गेले. तो हसला, मी नाही.

मी म्हटलं, उद्यापासून काम सुरू करा. तो म्हणाला, "ताई, पावसात केलं तर पैसे पाण्यात. दिवाळीनंतर बघूया. तोवर ताडपत्री घाला." ताडपत्री, दोरी आणि वर ठेवायला विटा, सगळं अठराशे रुपयांत झालं. हा पहिला प्रामाणिक सल्ला होता हे मला तेव्हा कळलं नाही, कारण त्याच आठवड्यात दुसरा एक जण "तीन दिवसांत केमिकल मारून देतो, दहा वर्षांची गॅरंटी" म्हणून आगाऊ पैसे मागत होता. ओल्या स्लॅबवर कोटिंग धरत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पावसाळ्यात घाबरून होणारा खर्च वाचतो.

ऑगस्टच्या मध्यात नवे भाडेकरू आले. बैलहोंगलकडचं जोडपं, दोघंही दवाखान्यात कामाला. घर देण्याआधी आतून रंग साडेअकरा हजार, नळ, कमोडची टाकी, दोन कड्या मिळून बत्तीसशे. ओली भिंत मात्र रंगवली नाही, त्यांना स्पष्ट दाखवली आणि डिसेंबरात काम होईल असं सांगितलं. ते राजी झाले. यावेळी करार नवा, अकरा महिन्यांचा. त्यात तीन गोष्टी ठळक लिहिल्या: दर नूतनीकरणाला भाडं ५ टक्के वाढेल, घर सोडायची सूचना दोन महिने आधी, आणि सोडताना रंगाचं एक महिन्याचं भाडं कापलं जाईल. ई-स्टॅम्प, टायपिंग, नोटरी मिळून अकराशे. डिपॉझिट पन्नास हजार आलं ते त्याच दिवशी आईच्या नावानं मुदत ठेवीत टाकलं. माझी आरडी त्यातून भरून घ्यायचा मोह झाला. नाही घेतली. भाडेकऱ्याचे पैसे आपल्याकडं राखणीला असतात, एवढं मी जून महिन्यात शिकले होते.

एक गंमत वीजबिलाची. कर्नाटकात २०२३ च्या ऑगस्टपासूनच्या बिलांना गृहज्योती योजना लागू आहे. २०२२-२३ च्या सरासरी वापरावर १० टक्के धरून, जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत बिल शून्य. भाडेकरूही स्वतःच्या आधारवर मीटरचा आरआर नंबर (वीज ग्राहक क्रमांक) जोडून ती घेऊ शकतात. पण जुन्या भाडेकऱ्यांनी जाताना आपली जोडणी तोडली नव्हती. तोडायला त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागला, म्हणजे धारवाडला फोन, वहिनी ड्यूटीवर, ओटीपीची वेळ संपलेली, पुन्हा फोन. असं तीनदा झालं. आता घर सोडणाऱ्याला चावी घेताना, माझ्यासमोरच मोबाइलवरून जोडणी काढायला सांगते. आणि घर रिकामं असलं तरी मीटरचा ठरलेला आकार येतोच, तो घरमालकानं भरायचा. जिन्यातले दिवे आणि आडाची मोटार यांचा मीटर वेगळा, आईच्या नावावर. आईनं योजना तिच्या राहत्या घराला लावलीय, म्हणून सामायिक मीटरचं बिल पूर्ण येतं, साधारण साडेसहाशे महिन्याला. शिवाय वापर वाढला की वर्षातून एकदा जादा अनामत रक्कम भरायची नोटीस बिलासोबत येते. ती खर्चात धरू नका, अनामतच आहे, पण भरायला पैसे लागतातच.

घरपट्टी सप्टेंबरात भरली. चलन कन्नडमध्ये. बोलायला कन्नड येतं मला, वाचताना अडखळते. वरच्या नव्या भाडेकरणीनं जिन्यात उभ्या उभ्या वाचून दाखवलं: मूळ कर, त्यावर आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय उपकर ६, भिक्षुक उपकर ३, आणि घनकचऱ्याचं वेगळं. भिक्षुक उपकर ऐकून आई म्हणाली, "बरं केलं, देवळाबाहेर आता सुटे द्यायला नकोत." चौसष्टशेचे दंडासकट ६,७८४ झाले. एप्रिलमध्ये गेले असते तर सूट मिळाली असती हे मनातून जात नव्हतं. रक्कम लहान, टोचणी मोठी.

गणपतीत मागच्या बाजूचा चेंबर तुंबला, बाराशे. सणाच्या दिवशी माणूस मिळत नाही, मिळाला तर तोही पाहुण्यासारखा येतो. आता मी श्रावणातच चेंबर उघडून साफ करून घेते.

दिवाळी झाली, डिसेंबर उजाडला, गच्ची कोरडी ठणठणीत. मी तीन जणांकडून दर घेतले. पहिला म्हणाला, कोब्याच्या भानगडीत पडू नका, वर पत्र्याचं शेड घाला, एक लाख दहा हजार. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर असं शेड आहे, आणि खरं सांगायचं तर वाळवणाला, लग्नाच्या पंगतीला ते बरं पडतं. पण पाऊस कठड्याच्या सांध्यातून येत होता, तो शेडनं तिरक्या सरीला थांबला नसता. दुसऱ्यानं सगळा कोबा फोडून नवा घालायचे बहात्तर हजार सांगितले. आमचा हातोडीवाला म्हणाला, पोकळ तेवढा फोडतो, ढाळ नीट करतो, वाटा नव्या मारतो, वरून सगळीकडं दोन हात कोटिंग. मजुरी सतरा हजार, माल साडेबावीस, राडारोडा उचलायचे दीड हजार. एकूण एक्केचाळीस. निम्मे दादानं पाठवले.

काम सहा दिवस चाललं. सातव्या दिवशी पन्हळीचं तोंड कापडाच्या बोळ्यानं आणि सिमेंटनं बंद करून गच्चीवर चार बोटं पाणी कोंडलं. तीन दिवस. ही गोष्ट करारात किंवा तोंडी, पण आधी ठरवून घ्या. पाणी कोंडून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. मी तीन दिवस संध्याकाळी संस्थेतून सुटले की वडगावला जायचे आणि वरच्या घराच्या कोपऱ्यात मान वर करून उभी राहायचे. भाडेकरीण चहा द्यायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अक्का, आता तुम्ही खुर्चीवर बसून बघा की." छत कोरडं राहिलं.

मग मार्चमध्ये आडाची मोटार गेली. सकाळी साडेसहाला फोन, "नीर बरवल्दु अक्का," पाणी येत नाहीये. वायंडिंग जळालेलं. दोन दिवस चार कुटुंबांनी पोहऱ्यानं पाणी काढलं. आईला तर आपलं तरुणपण परत आल्यासारखं झालं, पण मागच्या खोलीतल्या आजींचे हात भरून आले. रिवाइंडिंग, नवा कपॅसिटर, वर काढणं-सोडणं मिळून छप्पन्नशे.

गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला. जेवणं झाल्यावर मी तार खाली उतरवली, डब्यातले दोऱ्यानं बांधलेले गठ्ठेही काढले आणि आईच्या पलंगावर सगळं पसरलं. आधी चालू वर्षाचं मांडलं. भाडं दीड महिना न आल्यानं दोन लाख चाळीसच्या जागी दोन लाख अठ्ठावीस. खर्च: घरपट्टी ६,७८४, सामायिक वीज ७,८००, आतला रंग साडेअकरा हजार, नळ-कड्या बत्तीसशे, ताडपत्री अठराशे, गच्ची एक्केचाळीस हजार, चेंबर बाराशे, मोटार छप्पन्नशे, करार अकराशे, आणि ज्याला नाव नाही असा किरकोळ खर्च साडेसहा हजार. बेरीज ८६,४८४. उरले १,४१,५१६. बारानं भागले तर महिन्याला ११,७९३.

मी दोनदा भागाकार केला. पंचांगाच्या मागच्या पानावर वीस हजार लिहून आम्ही निवांत झालो होतो.

हे वाईट वर्ष होतं असं म्हणून सोडून देता आलं असतं. म्हणून जुन्या पावत्या चाळल्या. वाईट वर्ष असं वेगळं नसतंच, हे त्या गठ्ठ्यांवरून दिसलं. एका वर्षी नळाची लाइन, एका वर्षी बाहेरचा रंग, एका वर्षी मोटार, एका वर्षी पुन्हा मोटार. दर वर्षी काहीतरी असतंच, फक्त नाव बदलतं. मग मी बाबांच्या पावत्यांच्या तारखा बघून प्रत्येक गोष्ट किती वर्षांनी येते ते काढलं आणि वर्षाचा हिस्सा ठरवला. गच्ची आठ वर्षांनी चाळीस हजार, म्हणजे वर्षाला पाच. बाहेरचा रंग सात वर्षांनी साठ हजार, वर्षाला साडेआठ. आतले रंग तिन्ही घरांचे चार वर्षांत छत्तीस हजार, वर्षाला नऊ. मोटार पाच वर्षांत दहा हजार, वर्षाला दोन. नळाची लाइन आणि वायरिंग वीस वर्षांनी लाखभर, वर्षाला पाच. याखेरीज दर वर्षाचं ठरलेलं: घरपट्टी चौसष्टशे, सामायिक वीज ७,८००, टाकी-आड-चेंबर सफाई तीन हजार, किरकोळ आठ हजार. शेवटी रिकामेपणाचे आठ हजार, म्हणजे वर्षातून एक घर एक महिना रिकामं राहील असं गृहीत धरून. सगळं मिळून ६२,७००, महिन्याला ५,२२५. वीस हजारांतले सव्वापाच हजार आईचे नव्हेतच, घराचे.

आकडे आमच्या घराचे आहेत, तुमचे वेगळे येतील. कौलारू घर असेल तर दर उन्हाळ्यात शाकारणी आलीच. पण पद्धत हीच वापरा: खर्च किती झाला एवढंच लिहू नका, तो पुन्हा किती वर्षांनी येणार ते शेजारी लिहा.

अडचण आईची होती. पाच तारखेला मागच्या खोलीतली सून साडेचार हजार रोख आणून देते. आई ते घडी घातलेले पैसे आधी देवापुढं ठेवते, निरांजन लावते, मग मोजते. वरचे दोघं माझ्या फोनवर पाठवतात, त्याचं तिला भाडं वाटतच नाही. मी सव्वापाच हजार बाजूला काढायचे म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. "म्हणजे हे पण तूच नेणार?" बाबा असताना ती पैसे मागायची, आता तिच्या हातात यायला लागले होते, आणि मी ते पुन्हा काढून घेत होते. हे मला हिशेबात कुठं मांडावं कळेना. चार दिवस विषय काढला नाही.

उपाय आमच्या गल्लीत रोज सायकलवरून फिरणाऱ्या पिग्मीवाल्यानं सुचवला, न बोलताच. पिग्मी म्हणजे रोज दारात येऊन गोळा केली जाणारी छोटी ठेव. उडुपीकडं सिंडिकेट बँकेनं १९२८ साली सुरू केलेली ही पद्धत आपल्या भागात अजून जोरात आहे. रोजचे दीडशे रुपये तीस दिवसांचे बरोबर साडेचार हजार होतात, म्हणजे मागच्या खोलीचं भाडं. आता सून पैसे आणते, देवापुढं ठेवले जातात, आई मोजते, साखरेच्या जुन्या डब्यात ठेवते आणि रोज संध्याकाळी त्यातले दीडशे स्वतःच्या हातानं देऊन पुस्तकावर सही घेते. वरचे ७२५ मी वरच्या घरांच्या भाड्यातून वळते करते. उरलेलं सगळं आईच्या खर्चाच्या खात्यात जातं.

पतसंस्थेतच काम करत असल्यानं एक गोष्ट सांगणं माझं कामच आहे. पिग्मीवर व्याज फार नसतं आणि मुदतीआधी मोडली तर कमिशन कापतात. त्याहून महत्त्वाचं, बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकांनाही, पण पतसंस्थांना नाही. म्हणून पिग्मीची मुदत झाली की ती रक्कम मी बँकेतल्या वेगळ्या बचत खात्यात हलवते. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलेलंच नाही.

प्राप्तिकराचंही एकदा विचारून घेतलं. भाड्याच्या उत्पन्नातून त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते, आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट, नव्या कररचनेतही. गच्चीवर एक्केचाळीस हजार घातले की चार रुपये, वजावट तेवढीच. दुरुस्तीच्या पावत्या करासाठी लागत नाहीत. आईचं करपात्र भाडं दीड लाखाच्या आसपास आलं, कर शून्य. पण मला त्या ३० टक्क्यांचं बरं वाटलं. माझे सव्वापाच हजार म्हणजे २६ टक्के. सरकारनंही घराला साधारण तेवढंच खायला ठेवलंय म्हणायचं.

२०२५ च्या एप्रिलात घरपट्टी पहिल्याच आठवड्यात भरली, सुटीसकट. पावती लगेच कामाला आली, कारण ई-खात्याच्या, म्हणजे घराच्या ऑनलाइन मालकी नोंदीच्या, अर्जाला खरेदीखत, आईचं आधार, वीजबिल आणि घराच्या फोटोबरोबर चालू वर्षाची करपावतीही जोडायची होती. फोटोत घराबरोबर आई दारात उभी आहे. नको म्हटलं तरी हलली नाही.

जुलैत वरच्या जोडप्याचा करार नवा झाला, आठचे आठ हजार चारशे. पावसाळ्यात छताला डाग पडला नाही, पण वरच्या मागच्या घराच्या खिडकीवरच्या छज्जातून थेंब येतोय. तो पुढच्या डिसेंबरचा विषय. जुन्या दोन भाडेकऱ्यांचं पन्नास हजार डिपॉझिट अजून कागदावरच आहे, ते भरून काढायला आणखी दोन वर्षं लागतील. त्यातलं कुणी उद्या सोडतो म्हणालं तर मला पुन्हा कुणाची तरी आरडी शोधावी लागेल.

ऑक्टोबरअखेरपर्यंत घराच्या नावानं ३६,५७५ जमा झाले. घरपट्टी, सामायिक बिलं, टाकी सफाई आणि किरकोळ मिळून १५,१५० गेले. शिल्लक २१,४२५. आईला हा आकडा पाठ आहे, गल्लीत तिनं दोघीतिघींना सांगितलाय, आणि त्यातल्या एकीनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, आमच्या खोल्यांचा हिशेब करून देतीस काय. मी म्हटलं, आधी पावत्या घेऊन या. त्यांच्याकडं एकही नाही.

हे लिहितानाच मागच्या खोलीतून निरोप आला. न्हाणीच्या दाराच्या चौकटीला खालून वाळवी लागलीय, बोटानं दाबलं तर भुसा पडतोय. सुतार रविवारी येतो म्हणालाय, सिमेंटची चौकट बसवायची की पुन्हा लाकडाची, ते तो बघून सांगेल. पावती तारेत ओवीनच, पण ही चौकट पुन्हा किती वर्षांनी येणार ते मला बाबांच्या गठ्ठ्यांत सापडत नाहीये.